‘सही करा, चहा प्या, घरी जा’ यापलीकडचं प्रशिक्षण मागायचं कसं?

प्रश्न : मी मराठवाड्यातल्या एका द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत नऊ वर्षांपासून आहे. तिसरी-चौथी माझ्याकडे. गेल्या वर्षात चार वेळा प्रशिक्षणाला बोलावणं आलं. दरवेळी पंचायत समितीचं सभागृह, शंभरेक शिक्षक, समोर पीपीटी आणि ती वाचून दाखवणारे सुलभक. मध्ये चहा, मग ‘लिंक भरा’, ‘फोटो टाका’ आणि हजेरीची सही. दोघांनाही एकदम बोलावलं तर गावात शाळा बंद. इकडे माझ्या तिसरीच्या निम्म्या मुलांना हातच्याची वजाबाकी येत नाही. सराव वाढवून पाहिला, चुका त्याच. यावर कुणाबरोबर तरी बसून बोलावं असं वाटतं, पण प्रशिक्षणात विचारलं तर ‘तो विषय आज नाही मॅडम’ असं उत्तर मिळतं. मागच्या शिक्षण परिषदेत, म्हणजे आमच्या केंद्रातल्या (आसपासच्या शाळांच्या गटातल्या) शिक्षकांच्या मासिक बैठकीत, मी उठून म्हणाले, ‘ही प्रशिक्षणं आमच्या काही उपयोगाची नाहीत.’ केंद्रप्रमुख सर नाराज झाले, बाकीचे हसले. एक ज्येष्ठ गुरुजी म्हणाले, ‘ताई, सही करा, चहा प्या, घरी जा. डोक्याला ताप कशाला?’ पुण्यात एका संस्थेची गणितावर चार दिवसांची कार्यशाळा होती. पैसे मीच भरणार होते, तरी रजा मिळाली नाही. चांगलं प्रशिक्षण मागणं हा आगाऊपणा आहे का? आणि मागायचं तर कुणाकडे?
– एक शिक्षिका

ताई,

आगाऊपणा कसला? नऊ वर्षं नोकरी करून ‘हे मला जमत नाहीये, मला शिकायचंय’ असं म्हणायला धाडस लागतं. पण तुम्ही ते कुठे बोललात आणि कुणासमोर, याबद्दल आधी थोडं बोलू.

भर शिक्षण परिषदेत ‘उपयोगाची नाहीत’ हे वाक्य लागलं कुणाला? केंद्रप्रमुखांना. ते प्रशिक्षण त्यांनी ठरवलं होतं का? वरून पत्र आलं, अमुक तारखेला इतके शिक्षक हजर ठेवा, आणि त्यांनी ते केंद्राच्या ग्रुपवर टाकलं. कितीतरी केंद्रांत हे पदच रिकामं असतं आणि एखादे मुख्याध्यापक आपली शाळा सांभाळून प्रभारी म्हणून केंद्र बघतात. पोषण आहार, यूडायस (शाळेच्या माहितीची सरकारी नोंद), आधार, शिष्यवृत्ती, ‘आजच्या आज माहिती पाठवा’ यात त्यांचा महिना संपतो. तुमचा राग रास्त आहे, पण तो गेला अशा माणसाकडे ज्याच्या हातात काही नव्हतं. आणि ज्याच्या हातात थोडंफार आहे, असा तुमच्या सगळ्यात जवळचा माणूसही तोच. त्याच्याकडे मी पुन्हा येणार आहे.

आता त्या स्लाइड वाचणाऱ्या सुलभकाकडे बघा. तोही बहुतेक तुमच्यासारखाच शिक्षक असतो. दोन दिवस आधी आदेश हातात पडतो, पीपीटी आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर येते. राज्यस्तरावर पाच दिवस चाललेलं जिल्ह्यावर तीन दिवसांचं होतं आणि तालुक्याला येईस्तोवर दीड दिवसाचं. वर जे करून दाखवलं, ते खाली फक्त सांगितलं जातं. शेवटच्या पंगतीच्या वाट्याला पाणी घालून वाढवलेली आमटी यावी, तसा हा प्रकार. सुलभकाला विषय कळत नाही असं नाही. पण मुलांच्या वह्या, वर्ग, फळा यातलं काहीच जवळ नसताना शंभर जणांसमोर उभं केल्यावर तो वाचेल नाही तर काय करेल?

ही उतरंड आली कुठून, तेही बघा. २०१९ मध्ये केंद्र सरकारचं ‘निष्ठा’ हे शिक्षक प्रशिक्षण सुरू झालं तेव्हा देशभरातल्या सुमारे ४२ लाख शिक्षकांपर्यंत पोचायचं ठरलं होतं. एवढ्या माणसांना कमी वेळात काही सांगायचं म्हटलं की एकाने दहांना आणि दहांनी शंभरांना सांगायचं, हीच पद्धत उरते. नवं मूल्यमापन कसं नोंदवायचं, नवं ॲप कसं वापरायचं, अशी माहिती पोचवायला ती चालते. शिकवायची पद्धत तिने बदलत नाही. खात्याची गफलत होते ती इथे. दोन्ही कामं एकाच साच्यात घालतात, आणि मग ‘इतके शिक्षक प्रशिक्षित झाले’ हा आकडा अहवालात जातो.

म्हणून पहिला सल्ला : ‘उपयोग नाही’ हे शब्द बोलण्यातून काढून टाका. तुम्ही म्हणता ‘हे प्रशिक्षण उपयोगाचं नाही’, कार्यालय ऐकतं ‘शिक्षकांना प्रशिक्षण नको आहे’. त्यावरचा कार्यालयाचा तोडगा ठरलेला : सगळं ऑनलाइन करा. त्यापुढे काय होतं ते तुम्हाला माहीत आहेच. मोबाइलवर व्हिडिओ आवाज बंद करून चालू, शेजारी भाजी निवडणं चालू, आणि चाचणीच्या उत्तरांची पीडीएफ ग्रुपवर. हे करणारे आपणच आहोत, हेही बोललं पाहिजे. प्रमाणपत्रासाठी प्रशिक्षण ही सवय वरच्यांनी लावली आणि खालच्यांनी आनंदाने लावून घेतली. तेव्हा मागणी करताना समोरचा माणूस याच गोष्टीवर बोट ठेवणार, हे धरून चला.

मग मागायचं काय? ‘दर्जेदार प्रशिक्षण’ असं मागितलं तर दर्जेदार फ्लेक्स लागेल. मागणी वहीएवढी ठोस हवी, आणि ती तुमच्याकडे आहे. तुम्ही वजाबाकीचं लिहिलंयत ना, तिथूनच सुरू करू.

४०३ वजा १६८. उत्तर २३५. तिसरीच्या वह्या उघडा. एक मूल ३६५ लिहितं. दुसरं २६५. तिसरं २०५. तुम्ही तिघांनाही लाल फुली मारता आणि आणखी दहा उदाहरणं देता. पण तिघांची गडबड वेगवेगळी आहे. पहिल्याने प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा केलं, मोठा अंक वर आहे की खाली हे पाहिलंच नाही. त्याच्या लेखी ४०३ ही एक संख्या नाहीच, ते तीन सुटे अंक आहेत. दुसऱ्याला हातचा माहीत आहे, पण दशकाच्या घरात शून्य दिसल्यावर त्याने शतकाकडून थेट एककाला देऊन टाकलं, आणि दशकात पुन्हा सहातून शून्य वजा केलं. तिसऱ्यानेही तसंच आणलं, पण दशकात ‘शून्यातून सहा जात नाहीत, म्हणून शून्य’ असं ठरवलं. पहिल्याला स्थानिक किंमतच पुन्हा हवी. दुसऱ्या आणि तिसऱ्याला शतकाचा गठ्ठा सोडून त्याचे दहा दशक करायचे आणि त्यातला एक दशक सोडून दहा सुटे करायचे, हे हाताने करून बघायला हवं. डावीकडे तीन शतक, मध्ये नऊ दशक, उजवीकडे तेरा सुटे. तो मधला नऊ कुठून आला, हे मुलाने स्वतः मोजून पाहिल्याशिवाय पटत नाही. याला लागणारे गठ्ठे आणि काड्या बहुतेक शाळांत गणित पेटीत आहेत, पेटी कपाटात आहे आणि कपाटाला कुलूप आहे, कारण साहित्य हरवलं तर उत्तर कोण देणार.

समजा तुमच्या केंद्रातले तिसरीला शिकवणारे सात-आठ शिक्षक एका दुपारी अशा वह्या घेऊन बसले. प्रत्येकाने आपल्या वर्गातल्या चुका वेगळ्या काढल्या. कोणत्या चुकीमागे मुलाच्या डोक्यात काय चाललंय यावर वाद घातला. एकाने गठ्ठ्यांनी शिकवून दाखवलं, बाकीच्यांनी मुलं होऊन मुद्दाम चुकीची उत्तरं दिली. सगळ्यांनी ते पंधरा दिवस आपापल्या वर्गात करून पाहिलं. मध्ये कुणीतरी एकदा वर्गात येऊन मागे बसलं, शेरा मारायला नव्हे, मुलं काय करतात ते टिपायला. आणि पुढच्या महिन्यात वह्या पुन्हा टेबलावर आल्या. याला प्रशिक्षण म्हणायचं. यात पीपीटी कुठेच नाही, खर्च चहाचा.

हे मी मनाने सांगत नाहीये. अमेरिकेत ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स यांनी १९८० च्या दशकातच मांडलं होतं की, व्याख्यान ऐकून शिक्षकाला गोष्ट कळते, प्रात्यक्षिक आणि सरावाने ती हातात येते, पण ती वर्गात उतरून टिकायची असेल तर नंतर वर्गात सोबत लागते. दक्षिण आफ्रिकेच्या नॉर्थ वेस्ट प्रांतात २०१५ पासून दोन वर्षं एक प्रयोग झाला, तो तर तुमच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांना सांगावा असा आहे. मुलांना त्यांच्या मातृभाषेत, सेट्स्वानामध्ये, वाचायला शिकवायचं होतं. काही शाळांतल्या शिक्षकांना एका ठिकाणी बोलावून प्रशिक्षण दिलं. दुसऱ्या काही शाळांत मार्गदर्शक अधूनमधून वर्गात जाऊन शिक्षकासोबत काम करत होते. पाठांचे आराखडे आणि वाचनाची पुस्तकं दोन्हीकडे सारखीच. मुलांच्या वाचनात पडलेला फरक दुसऱ्या गटात जवळपास दुप्पट निघाला. जपानमध्ये ‘जुग्यो केन्क्यू’ नावाची पद्धत शंभर वर्षांहून जुनी आहे. एकाच पाठाची तयारी शिक्षक मिळून करतात, एक जण तो शिकवतो, बाकीचे मुलांकडे बघत नोंदी घेतात आणि मग पाठावर चर्चा होते. शिक्षकावर नव्हे, पाठावर. आपल्याकडे ‘पाठ निरीक्षण’ म्हटलं की पोटात गोळा येतो, कारण ते आपण तपासणीशी बांधून ठेवलंय.

आपल्या राज्यातलंही सांगते, नाहीतर म्हणाल परदेशच्या गोष्टी. साताऱ्याचं कुमठे बीट (एका विस्तार अधिकाऱ्याकडचा शाळांचा गट) आठवत असेल. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी बीटमधल्या शिक्षकांना घेऊन ज्ञानरचनावादी पद्धतीने, म्हणजे मूल स्वतः करून, अनुभवातून शिकतं हे धरून, काम उभं केलं आणि ते बघायला महाराष्ट्रभरातून शिक्षकांच्या गाड्या गेल्या. परत आल्यावर पुष्कळांनी काय केलं? वर्गाच्या फरशीवर रंगाने चौकटी, बाराखडी आणि संख्यापट्ट्या रंगवून घेतल्या. फरशी एका दिवसात बघून होते, फोटोतही छान येते. एक अधिकारी आणि एका बीटमधले शिक्षक एकाच कामाला सातत्याने चिकटून राहिले, हे मात्र एका दिवसाच्या भेटीत दिसत नाही आणि त्याचा फोटोही निघत नाही. तुम्हाला मागायचंय ते हे, फोटोत न येणारं. म्हणून मागताना जरा जास्त समजावून सांगावं लागणार.

मागण्याचा तुम्हाला आधार आहे का? आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात प्रत्येक शिक्षकाने दरवर्षी किमान ५० तास व्यावसायिक विकासाच्या उपक्रमांत भाग घ्यावा, आणि तो स्वतःच्या आवडीनुसार घ्यावा, असं म्हटलेलं आहे. पहिलं अर्धं वाक्य सगळ्यांना पाठ आहे, दुसरं अर्धं कुणी वाचत नाही. शिवाय ही मागणी नवी नाही. १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगाने, ज्याचे सदस्य-सचिव आपल्या कोल्हापूरकडचे जे. पी. नाईक होते, दर पाच वर्षांच्या सेवेत शिक्षकाला दोन ते तीन महिन्यांचं सेवांतर्गत शिक्षण मिळावं अशी शिफारस केली होती. वर्षाला बारा ते अठरा दिवस पडतात. ५० तास म्हणजे आठ-दहा दिवस. साठ वर्षांत आपण मागणी कमी केली आहे, गंमत बघा.

पण हे कागद टेबलावर आपटू नका. धोरण ही अपेक्षा असते, तो कायदा नाही, आणि साहेबांना ते तुमच्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. ‘धोरणातल्या अपेक्षेला धरून आम्ही केंद्रस्तरावर असं करू इच्छितो’ असं लिहिलं की तेच कलम तुमच्या बाजूने काम करतं. कार्यालयालाही वर दाखवायला काहीतरी हवंच असतं.

आता केंद्रप्रमुख सर. त्यांना परिषदेच्या आधी, एकट्याने, त्यांच्या शाळेत किंवा कार्यालयात जाऊन भेटा. मागचं काढू नका, फार तर ‘सर, त्या दिवशी माझं बोलणं तुमच्याबद्दल नव्हतं’ एवढं एक वाक्य. मग सोबत नेलेल्या पाच-सहा वह्या उघडा आणि त्या तीन चुका दाखवा. बहुतेक केंद्रप्रमुख आधी शिक्षकच असतात. वही उघडली की त्यांच्यातला शिक्षक जागा होतो, हे मी पुष्कळदा पाहिलंय. मग एकच मागा : पुढच्या परिषदेत एक तास. शिक्षण परिषद दर महिन्याला होते, ती शैक्षणिक चर्चेसाठीच असते, आणि आपण तिचं काय करून ठेवलंय हे तुम्हाला सांगायला नको. सूचना, परिपत्रकं, माहितीचे नमुने, मग यजमान शाळेचं जेवण. जेवण चांगलं असतं, ते राहू द्या. सूचना ग्रुपवर आधी टाकल्या तर एक तास सहज निघतो. तो तिसरी-चौथीच्या गणिताला द्या म्हणा आणि तयारी मी करते म्हणा. नवीन निधी नको, नवीन आदेश नको, वेगळा दिवस नको. नाही म्हणायला त्यांच्याकडे फारसं काही उरत नाही.

त्या ज्येष्ठ गुरुजींना या कामात घ्या. ‘सही करा, चहा प्या’ म्हणणारा माणूस आळशी असतोच असं नाही. त्यांनी नोकरीत किती लाटा पाहिल्या असतील, मोजा. आनंददायी शिक्षण आलं, सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र आलं, निपुण आलं. प्रत्येक वेळी ‘आता सगळं बदलणार’ म्हणून बोलावलं, आणि साहेब बदलले की विषय बदलला. त्यांना भाषण देऊ नका. विचारा, ‘गुरुजी, शून्याची वजाबाकी तुम्ही कशी घेता?’ त्यांच्याकडे हमखास काहीतरी असतं, सुट्या पैशांचं म्हणा, शंभराची नोट मोडण्याचं म्हणा. ते परिषदेत त्यांच्याकडूनच करून घ्या. हसणाऱ्यांतला एक तुमच्या बाजूला आला की बाकीचे आपोआप गप्प होतात.

हे दोन-तीन महिने चाललं की मगच वर लिहा. आधी नको. आधी लिहिलेलं पत्र तक्रार असते, नंतर लिहिलेलं पत्र प्रस्ताव होतो. पत्र मुख्याध्यापकांमार्फत, म्हणजे योग्य मार्गाने, गटशिक्षणाधिकाऱ्यांना. प्रत माहितीसाठी डायटच्या प्राचार्यांना. १९८६ च्या धोरणानंतर जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, म्हणजेच डायट, उभ्या राहिल्या त्या याच कामासाठी. आज तिथे अधिव्याख्यात्यांच्या पुष्कळ जागा रिकाम्या असतात आणि असलेली माणसं बैठका आणि अहवालांत अडकलेली असतात. तरी तुमच्या तालुक्याचं काम पाहणारे अधिव्याख्याते कोण आहेत ते शोधून काढा आणि त्यांना एकदा परिषदेला बोलवा. अशा माणसाला तयार वर्ग, तयार शिक्षक आणि खरा प्रश्न मिळाला तर ते आनंदाने येतात. त्यांनाही स्लाइडचा कंटाळा आलेलाच असतो.

पत्राची वेळ महत्त्वाची. जूनमध्ये प्रशिक्षणाचं वेळापत्रक बनून आलेलं असतं, तेव्हा ओरडून काही होत नाही. समग्र शिक्षा या सरकारी शालेय शिक्षण योजनेच्या पुढच्या वर्षाच्या कार्ययोजनेची आणि अंदाजपत्रकाची जुळवाजुळव हिवाळ्यात सुरू होते. तुमचं पत्र डिसेंबरात टेबलावर हवं. प्रशिक्षणाच्या गरजा विचारणारा फॉर्म आला तर ‘सर्व विषय’ लिहून मोकळं होऊ नका. ‘इयत्ता ३ री, हातच्याची वजाबाकी, मुलांच्या चुकांचं विश्लेषण’ असं लिहा. तालुक्यातून असे वीस फॉर्म गेले तर ते वाचावे लागतात.

दोघांनाही एकाच दिवशी बोलावण्याबद्दल मात्र आडपडदा ठेवू नका. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन सांगितलं आहे. द्विशिक्षकी शाळेतल्या शिक्षकांना आळीपाळीने बोलवावं, ही मागणी शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावातून जाऊ द्या. समितीत ७५ टक्के पालक असतात. शाळेला कुलूप दिसलं की त्यांचा जीव तुटतो, कारण शेतावर जाताना पोरं कुणाकडे ठेवायची हा प्रश्न त्यांचा असतो. ठराव पालकांचा असला की तुमच्यावर ‘प्रशिक्षण चुकवायला बघते’ असा शिक्का बसत नाही.

पुण्याच्या कार्यशाळेचं वाईट वाटलं. पण रजा नाकारणाऱ्याच्या बाजूनेही बघा. बहुधा ऐनवेळी अर्ज, खासगी संस्था, चार दिवस, द्विशिक्षकी शाळा. कोण सही करेल? पुढच्या वेळी महिना-दीड महिना आधी अर्ज करा, कार्यशाळेची रूपरेषा जोडा, ‘परत आल्यावर केंद्राच्या परिषदेत एक सत्र घेईन’ असं लिहून द्या आणि ते दिवस कर्तव्यकाळ धरावेत अशी विनंती करा. नाही धरले तर दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीतली कार्यशाळा निवडा. सुट्टीत जाणं हा तोडगा आहे, न्याय नाही, हे मला मान्य आहे. स्वतःचे पैसे आणि स्वतःची सुट्टी घालून शिकायला निघालेल्या माणसाला खात्याने अडवू नये, एवढं तरी व्हायला हवं. गणितासाठी मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आणि नवनिर्मिती, वाचन-लेखनासाठी फलटणची प्रगत शिक्षण संस्था आणि वाडा तालुक्यातल्या सोनाळ्याची क्वेस्ट, यांच्या कामावर नजर ठेवा. ही मंडळी वर्गात उतरून काम करणारी आहेत.

आणि संघटना. तुम्ही कुठल्यातरी संघटनेच्या सभासद असालच. बदल्या, जुनी पेन्शन, अशैक्षणिक कामं, या मागण्या योग्यच आहेत. पण निवेदनात ‘आम्हाला शिकण्यासाठी वेळ आणि चांगली माणसं द्या’ ही मागणी कधी पाहिलीत? वरिष्ठ वेतनश्रेणीसाठी १२ वर्षांनी आणि निवडश्रेणीसाठी २४ वर्षांनी प्रशिक्षण लागतं, त्यावर मात्र हिरीरीने चर्चा होते, कारण ते पगाराशी जोडलेलं आहे. तालुका शाखेच्या पुढच्या बैठकीत हा एक मुद्दा लिहून घ्या म्हणा. हसतील. हसू द्या, इतिवृत्तात येऊ द्या. ‘शिक्षक प्रशिक्षण टाळतात’ या आरोपाला संघटनेकडे यापेक्षा चांगलं उत्तर नाही.

पत्राचा मसुदा देऊन ठेवते, तुमच्या भाषेत बदलून घ्या :

‘महोदय, आमच्या केंद्रातील इयत्ता ३ री व ४ थी शिकवणाऱ्या शिक्षकांनी मागील तीन शिक्षण परिषदांमध्ये हातच्याच्या वजाबाकीतील मुलांच्या चुकांवर प्रत्येकी एक तास काम केले. सुरुवातीच्या व आताच्या वह्यांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. हे काम पुढे नेण्यासाठी विनंती की, (१) पुढील शैक्षणिक वर्षात आमच्या केंद्रासाठी गणित विषयाचे प्रशिक्षण एकदाच न घेता महिन्यातून अर्धा दिवस याप्रमाणे विभागून घ्यावे. (२) विषय साधनव्यक्ती अथवा डायटचे अधिव्याख्याते यांनी सत्रातून किमान दोनदा वर्गात येऊन सहकार्य करावे, या भेटींचा तपासणीशी संबंध नसावा. (३) द्विशिक्षकी शाळांतील शिक्षकांना एकाच दिवशी बोलावू नये. यासाठी स्वतंत्र निधीची आवश्यकता नाही.’

खाली एकट्या तुमची सही नको, सात-आठ जणांच्या हव्यात आणि केंद्रप्रमुखांचं नाव सगळ्यात वर, कारण हे त्यांच्या केंद्राचं काम म्हणून गेलं पाहिजे. वह्यांच्या प्रतींवरची मुलांची नावं झाकून घ्या. दुसरी विनंती बहुधा कापली जाईल, माणसं नाहीत म्हणून. तसं झालं तर एकमेकांच्या वर्गात जाण्याची परवानगी मागा, महिन्यातून एकदा, शेजारच्या शाळेपुरती. तेवढी मिळते. पत्र देताना आवक क्रमांक घ्या, आणि महिनाभर काहीच हाललं नाही तर तो क्रमांक घेऊन स्वतः जाऊन विचारा.